श्वानपालनाचा आवर्ती खर्च आणि कौटुंबिक अंदाजपत्रक : उमरेडच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : श्वानपालनाचा विचार करताना बहुतेक कुटुंबे पिलाची किंमत लक्षात घेतात, पुढील दहा-बारा वर्षांचा आवर्ती खर्च मात्र हिशेबाबाहेर राहतो. प्रस्तुत लेखात आहार, आरोग्यरक्षण, ऋतुमानानुसार होणारा खर्च, अंतरामुळे वाढणारा उपचारखर्च व राखीव निधी या घटकांचे विवेचन उमरेडसारख्या तालुक्याच्या गावाच्या संदर्भात केले आहे. घरात तंगी आली की सर्वप्रथम कापला जाणारा लसीकरणाचा खर्च हा रकमेने सर्वांत लहान, परंतु परिणामाने सर्वांत मोठा असतो. म्हणून अंदाजपत्रकाची मांडणी रकमेच्या क्रमाने न करता परिणामांच्या क्रमाने करावी, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : श्वानपालन, आवर्ती खर्च, कौटुंबिक अंदाजपत्रक, लसीकरण, राखीव निधी, उमरेड.

१. प्रस्तावना

मनुष्याने माणसाळविलेल्या प्राण्यांमध्ये कुत्रा हा सर्वांत प्राचीन मानला जातो. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात स्वर्गाच्या दारापर्यंत सोबत आलेल्या कुत्र्याचा त्याग करण्यास युधिष्ठिराने नकार दिल्याची कथा सर्वपरिचित आहे. दत्तात्रेयांच्या पायाशी कुत्री दिसतात, खंडोबाच्या मूर्तीसोबत कुत्रा असतो आणि गृहस्थाच्या अन्नदानाच्या परंपरेत गोग्रास व काकबलीप्रमाणे श्वानबलीलाही स्थान आहे. कुत्र्याला अन्न देणे हे आपल्या समाजाने कर्तव्यच मानले होते.

तथापि या कर्तव्याचा आर्थिक भार पूर्वी एका घरावर नव्हता. गावातील कुत्रे हे बहुधा आळीचे असे. चार घरांनी चतकोर-चतकोर भाकरी टाकली की त्याचे पोट भरत असे. खर्च तेव्हाही होताच. परंतु तो वाटला गेल्यामुळे कोणाच्याही हिशेबाच्या वहीत येत नसे. गेल्या काही दशकांत नागरीकरण, विभक्त कुटुंबपद्धती व बंदिस्त घरे यांमुळे आळीचे कुत्रे घराचे झाले. गळ्यात पट्टा आला, दारावर पाटी आली आणि पूर्वी विभागलेला सारा खर्च एकाच कुटुंबाकडे आला. खर्चाचे स्वरूप असे बदलले, पण त्याकडे पाहण्याची दृष्टी अद्याप चतकोर भाकरीचीच राहिली आहे. ‘घरात चार माणसे जेवतात, त्यात एक तोंड वाढले’ हे वाक्य पिलू घरी आणताना हमखास उच्चारले जाते. या वाक्यातील हिशेब अपुरा कसा आहे, हे स्पष्ट करण्याची गरज आहे. कारण तो चुकला की त्याचे परिणाम कुत्र्यापुरते मर्यादित राहत नाहीत.

२. लेखाची उद्दिष्टे

१) श्वानपालनातील आवर्ती खर्चाचे घटक स्पष्ट करणे.
२) उमरेडच्या भौगोलिक परिस्थितीमुळे या खर्चात पडणारी भर लक्षात घेणे.
३) मध्यमवर्गीय नोकरदार कुटुंबासाठी अंदाजपत्रकाचा नमुना मांडणे.
४) खर्चाचा अग्रक्रम कोणत्या निकषावर ठरवावा याचे विवेचन करणे.

३. भांडवली खर्च व महसुली खर्च

वाणिज्य शाखेच्या परिभाषेत सांगायचे तर पिलाची किंमत हा भांडवली खर्च आणि त्याचे पालनपोषण हा महसुली खर्च होय. भांडवली खर्च एकदाच होतो व डोळ्यांत भरतो. त्यामुळे कुटुंबात चर्चा होते ती त्याचीच. पिलू कोणी भेट दिले किंवा रस्त्यावरून उचलून आणले तर हा खर्च शून्य होतो आणि ‘कुत्रा फुकट मिळाला’ असा समज पक्का होतो. वास्तविक फुकट मिळालेल्या व विकत घेतलेल्या कुत्र्याच्या महसुली खर्चात काहीही फरक नसतो.

कुत्र्याचे आयुर्मान सर्वसाधारणपणे दहा ते तेरा वर्षांचे असते. मोठ्या आकाराच्या जाती तुलनेने कमी जगतात, लहान जाती अधिक. हिशेबासाठी बारा वर्षे धरली, तर आज पहिलीत प्रवेश घेतलेले मूल बारावीची परीक्षा देईपर्यंतचा हा काळ होतो. या काळात बदली, मुलांचे शिक्षण, घरातील आजारपण, निवृत्ती यांपैकी काही ना काही घडणारच. म्हणून कुत्रा पाळण्याचा निर्णय आजच्या उत्पन्नावर घेतला, तरी तो पुढील बारा वर्षांच्या उत्पन्नातून निभावायचा असतो.

४. आहाराचा खर्च

आहाराचा खर्च कुत्र्याच्या वजनावर अवलंबून असतो. मात्र तो वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. पशुआहारशास्त्रात विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेची गरज काढण्यासाठी किलोग्रॅममधील वजनाचा ०.७५ घात घेऊन त्यास ७० ने गुणतात. निर्बीजीकरण झालेल्या प्रौढ घरगुती कुत्र्यासाठी येणारी संख्या साधारणपणे १.६ पट करतात. या सूत्रानुसार १० किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ६३०, २० किलोच्या कुत्र्याला सुमारे १,०६० आणि ३० किलोच्या कुत्र्याला सुमारे १,४४० किलोकॅलरी लागतात. वजन तिप्पट झाले तरी आहार सव्वादोन पटच वाढतो. औषधांची मात्रा मात्र बव्हंशी वजनाच्या प्रमाणात असते, ही बाब मोठी जात निवडताना ध्यानात घ्यावी.

२० किलो वजनाच्या देशी कुत्र्यासाठी घरगुती आहाराचा एक नमुना असा मांडता येतो : तांदूळ व ज्वारी मिळून १८० ग्रॅम, तूर किंवा मुगाची डाळ ५० ग्रॅम, तीन अंडी व १०० ग्रॅम दही. यातून सुमारे १,०८० किलोकॅलरी व ४५ ते ५० ग्रॅम प्रथिने मिळतात. कॅल्शियम व अन्य क्षारांची भर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घालावी लागते. धान्य ४५ रुपये किलो, डाळ १२० रुपये किलो, अंडे ७ रुपये व दही १०० रुपये किलो असे दर गृहीत धरल्यास रोजचा खर्च ४५ रुपये, म्हणजे वर्षाचा १६,४२५ रुपये होतो. तयार कोरडे खाद्य १०० ग्रॅममागे साधारण ३५० किलोकॅलरी देते. त्यामुळे त्याच कुत्र्याला रोज ३०० ग्रॅम खाद्य लागेल. दर २५० रुपये किलो धरला तर रोजचे ७५ व वर्षाचे २७,३७५ रुपये होतात. घरगुती आहार स्वस्त पडतो, परंतु त्यासाठी स्वयंपाकघरातील वेळ खर्च होतो. तोही खर्चच होय.

उरलेसुरले अन्न घालून हा खर्च टाळता येतो, असे अनेकांना वाटते. पण आपल्या घरच्या भाजी-आमटीत कांदा व लसूण असतोच आणि हे दोन्ही पदार्थ कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपायकारक आहेत. मनुका, द्राक्षे व चॉकलेट हेही वर्ज्य आहे. नुसत्या पोळीवर वा भातावर वाढलेल्या पिलाला प्रथिने व कॅल्शियम कमी पडतात आणि त्याची हाडे कमकुवत होतात. आहारात वाचलेला पैसा पुढे उपचारात जातो.

५. आरोग्यरक्षणाचा खर्च

आरोग्यावरील खर्चाचे प्रतिबंधक व उपचारात्मक असे दोन भाग पडतात. प्रतिबंधक खर्च आधीच ठाऊक असतो आणि त्याचे वेळापत्रक निश्चित असते.

पिलाला सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिस, लेप्टोस्पायरोसिस इत्यादी रोगांविरुद्धची संयुक्त लस दिली जाते व ती तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने, पिलू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पुन्हा दिली जाते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात. त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी लसीकरण करावे लागते. जंतनाशक औषध पहिले तीन महिने दर पंधरवड्याला, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला व पुढे साधारणपणे दर तीन महिन्यांनी दिले जाते. कुत्र्याच्या आतड्यातील गोलकृमींची अंडी मातीत मिसळतात व अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. त्यामुळे जंतनाशकाचा लाभ घरातील मुलांनाही होतो. गोचिडांमुळे अर्लिकिओसिस व बॅबेसिओसिस यांसारखे रक्ताचे आजार होतात. विदर्भात गोचिडांचा उपद्रव वर्षाचे बरेच महिने राहतो; म्हणून त्यावरील औषधाची तरतूद नियमित असावी.

उपचारात्मक खर्चाचे वेळापत्रक नसते. त्वचारोग, जुलाब, जखमा हे किरकोळ आजार वर्षातून एक-दोन वेळा होतातच. सात-आठ वर्षांनंतर सांधेदुखी, दातांचे विकार व मूत्रपिंडाचे आजार उद्भवू लागतात आणि शेवटच्या तीन-चार वर्षांत उपचारांचा खर्च वाढतो. कुत्र्याच्या तरुणपणी शिल्लक राहिलेली रक्कम त्याच्या वार्धक्यासाठी बाजूला ठेवणे, हे निवृत्तिवेतनाच्या तत्त्वाशी जुळणारे आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा किरकोळ विक्रीच्या बंद पाकिटातील श्वानखाद्यावर १८ टक्के कर आकारण्यात आला. पशुवैद्यकीय चिकित्सालयाची सेवा मात्र करमुक्त ठेवण्यात आली. त्यामुळे खर्चाचा अंदाज करताना सेवाशुल्क व औषधांची किंमत वेगवेगळी विचारून घ्यावी.

६. उमरेडच्या परिस्थितीमुळे पडणारी भर

उमरेड हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून कोळसा खाणींमुळे त्याला औद्योगिक स्वरूप लाभले आहे. येथील श्वानपालकाच्या खर्चावर प्रामुख्याने तीन बाबींचा परिणाम होतो.

अ) अंतर : तालुका पातळीवरील पशुवैद्यकीय सेवा मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या व बैल यांच्या गरजांभोवती उभी राहिलेली आहे आणि ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने ते स्वाभाविकही आहे. लसीकरण व प्राथमिक उपचार जवळपास मिळतात; परंतु विशेष तपासण्या व मोठ्या शस्त्रक्रियांसाठी बहुधा नागपूर गाठावे लागते. तेथे १९५८ मध्ये स्थापन झालेले व आज महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे घटक असलेले नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तसेच खासगी चिकित्सालयेही आहेत. उमरेड-नागपूर अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे. आजारी कुत्र्याला दुचाकीवर नेता येत नाही, त्यामुळे भाड्याचे वाहन करावे लागते. पार्वो झालेल्या पिलाला सलग चार-पाच दिवस सलाईन द्यावे लागते. जाण्या-येण्याचे भाडे २,००० रुपये गृहीत धरले, तर पाच फेऱ्यांचे १०,००० रुपये केवळ प्रवासाचे होतात. नागपुरात राहणाऱ्या श्वानपालकाला हा खर्च नाममात्र असतो. रुग्णालय जितके दूर, तितके लसीचे मूल्य अधिक, असा निष्कर्ष यातून निघतो.

ब) उन्हाळा : २३ मे २०१३ रोजी नागपूरचे तापमान ४७.९ अंश सेल्सिअसवर पोहोचले होते. कुत्र्याच्या शरीरावर मनुष्याप्रमाणे घर्मग्रंथी नसतात. तो मुख्यतः धापा टाकून शरीरातील उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे मे महिन्यात त्याला पत्र्याखाली वा गच्चीवर बांधून ठेवणे जिवावर बेतू शकते. २०० वॉटचा कूलर रोज आठ तास याप्रमाणे ९० दिवस चालविल्यास १४४ युनिट वीज लागते. सायबेरियन हस्कीसारखी शीत प्रदेशातील जात पाळल्यास कूलरने भागत नाही. वातानुकूलन यंत्र ताशी १.२ युनिट वीज घेते असे धरल्यास तेवढ्याच काळासाठी ८६४ युनिट, म्हणजे सहापट वीज लागेल. जातीची निवड ही अशा रीतीने वीजबिलाचीही निवड ठरते. देशी कुत्रा या हवामानात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला असल्यामुळे या दृष्टीने सर्वांत किफायतशीर ठरतो.

क) अभयारण्याचे सान्निध्य : उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये घोषित झाले. जंगलालगतच्या वस्त्यांत रात्री मोकळे सुटलेले कुत्रे बिबट्याचे भक्ष्य ठरू शकते. म्हणून तेथे बंदिस्त निवाऱ्याचा खर्च अनिवार्य होतो. याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. २०१८ मध्ये गीरच्या परिसरात वीसहून अधिक सिंह मृत्युमुखी पडले व त्यांपैकी काहींच्या शरीरात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू आढळला. हा रोग कुत्र्यांमध्येही आढळतो. जंगलाच्या काठावरील घरातील कुत्र्याला दिलेली डिस्टेंपरची लस ही त्या जंगलातील वाघ-बिबट्यांच्या रक्षणासही हातभार लावते.

७. वार्षिक अंदाजपत्रकाचा नमुना

पुढील नमुना २० किलो वजनाच्या, घरगुती आहारावरील प्रौढ देशी कुत्र्यासाठी आहे. यातील दर उदाहरणादाखल गृहीत धरले आहेत. ते बाजाराच्या सर्वेक्षणातून आलेले नाहीत. वाचकाने त्या जागी आपल्या गावचे प्रत्यक्ष दर घालावेत.

१) आहार (रोज ४५ रुपये) : १६,४२५
२) प्रतिबंधक आरोग्यखर्च – रेबीज लस ३००, संयुक्त लस ९००, जंतनाशक चार वेळा ४००, गोचीडनाशक आठ महिने ३,२०० : ४,८००
३) पट्टा, साखळी, भांडी, साबण, अंथरूण : १,८००
४) उन्हाळ्यातील कूलरची वीज (१४४ युनिट, दर १० रुपये) : १,४४०
५) किरकोळ आजारांवरील उपचार : ३,०००
६) कुटुंब बाहेरगावी असताना देखभाल (१५ दिवस, रोज ३०० रुपये) : ४,५००
एकूण : ३१,९६५ रुपये; म्हणजे दरमहा सुमारे २,६६५ रुपये.

पहिल्या वर्षी पिलाच्या वाढीव लसी, जास्तीची जंतनाशके, निर्बीजीकरण व प्रारंभिक साहित्य यांची भर पडते. याशिवाय आकस्मिक आजारासाठी १५,००० रुपयांचा राखीव निधी पहिल्या वर्षातच उभा करावा, म्हणजे दरमहा १,२५० रुपये वेगळे ठेवावेत. हा निधी वापरला गेला की पुन्हा भरून काढावा. श्वानविम्याचा पर्यायही उपलब्ध आहे. तथापि विमापत्रातील वयोमर्यादा, प्रतीक्षाकाळ व वगळलेले आजार काळजीपूर्वक वाचल्याशिवाय राखीव निधीला तो पर्याय मानू नये.

दरवाढ विचारात घेतली नाही तर बारा वर्षांचा एकूण खर्च ३,८३,५८० रुपये होतो. दरवर्षी सहा टक्के दरवाढ धरल्यास तो सुमारे ५ लाख ३९ हजार रुपयांवर जातो. सहा टक्के दराने बारा वर्षांत किमती दुप्पट होतात. त्यामुळे आज दरमहा २,६६५ रुपये देणाऱ्या कुटुंबाला कुत्र्याच्या वार्धक्यात, उपचारांचा वाढीव खर्च वगळूनही, दरमहा पाच हजारांची तयारी ठेवावी लागेल.

८. उत्पन्नाची बाजू : सर्वांत अडचणीच्या महिन्याची कसोटी

वरील रक्कम परवडते की नाही, हे बहुधा सरासरी मासिक उत्पन्नावरून ठरविले जाते. ही पद्धत सदोष आहे. कुत्र्याला सरासरीने जेवता येत नाही. त्याला प्रत्येक महिन्यात जेवावे लागते. म्हणून वर्षातील सर्वांत कमी उत्पन्नाचा व सर्वांत जास्त खर्चाचा महिना निवडून त्या महिन्यात हा खर्च झेपतो का, हे पाहावे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या बाबतीत ही कसोटी विशेष महत्त्वाची आहे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांचे मानधन प्रत्यक्ष घेतलेल्या तासिकांवर अवलंबून असते. उन्हाळ्याच्या सुटीत तासिकाच नसल्याने मानधनही नसते. नेमक्या याच काळात कूलर सुरू होतो, गोचीड वाढतात व गावी जायचे असल्यास कुत्र्याच्या देखभालीचा खर्च येतो. पाठोपाठ जूनमध्ये मुलांचे शुल्क, वह्या-पुस्तके व गणवेश यांचा भार पडतो. उत्पन्न तळाशी आणि खर्च शिखरावर असे हे दोन महिने असतात. नियमित वेतन असलेल्या अध्यापकाला ही अडचण कमी जाणवते, पण बदली वा दीर्घ प्रशिक्षणवर्ग यांची शक्यता त्यालाही असते. सत्राच्या काळात दरमहा थोडी अधिक रक्कम बाजूला टाकून मे-जूनची तरतूद मार्चअखेर पूर्ण करणे, हा त्यावरील व्यवहार्य उपाय होय.

९. कपातीचा क्रम व त्याचे परिणाम

तंगीच्या काळात खर्चात कपात करावीच लागते. ती कोठे करावी, हाच अंदाजपत्रकातील कळीचा प्रश्न आहे. व्यवहारात असे घडते की रोज डोळ्यांसमोर असणारे जेवण थांबविता येत नाही. कुत्रा भुकेने ओरडतो. लस चुकली तर मात्र कोणीही ओरडत नाही. म्हणून ‘पुढच्या महिन्यात देऊ’ असे म्हणत ती राहून जाते. नमुना अंदाजपत्रकात रेबीजच्या लसीचा वाटा ३१,९६५ पैकी ३०० रुपये, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी आहे. तिच्यात कपात करून वाचते ते नगण्य, आणि जोखीम ओढवते ती जिवाची.

ही जोखीम पालकाच्या घरापुरती नसते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळपास अटळ असतो. लसीकरण न झालेल्या कुत्र्याने चावा घेतला तर जखमी व्यक्तीला स्नायूंतील इंजेक्शनच्या पद्धतीनुसार पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवसाच्या मात्रा घ्याव्या लागतात. यात पहिली मात्रा चाव्याच्या दिवशीची व पुढील दिवस त्यापासून मोजावयाचे असतात. खोल जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. शासकीय रुग्णालयात लस विनामूल्य मिळाली तरी प्रत्येक फेरीत मजुराची मजुरी बुडते. कुत्रा पाळणाऱ्याने वाचविलेल्या ३०० रुपयांची किंमत अशा रीतीने दूध टाकणाऱ्याला, वर्तमानपत्र वाटणाऱ्या मुलाला किंवा शेजारच्या बालकाला मोजावी लागते. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे हे घरगुती उदाहरण होय.

यावरून कपातीचा पुढील क्रम सुचविता येतो. प्रथम साबण, शोभेचे साहित्य, खेळणी व तयार खाद्याचा हव्यास यांत कपात करावी. त्यानंतर बाहेरगावी जाण्याचे दिवस कमी करावेत किंवा नातेवाईक-शेजाऱ्यांशी देखभालीची देवाणघेवाण करावी. आहारातील महाग घटकांना पर्याय शोधावेत, मात्र प्रथिने कमी करू नयेत. राखीव निधीला शक्यतो हात लावू नये. लसीकरण, जंतनाशक व निर्बीजीकरण यांना कोणत्याही परिस्थितीत कात्री लावू नये.

१०. कायद्याची मर्यादा

पाळीव प्राण्याच्या पोषणाची जबाबदारी कायद्यानेही मालकावर टाकली आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार मालकाने प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, तसेच त्याचे हाल होतील अशा परिस्थितीत त्याला विनाकारण सोडून देणे हा अपराध आहे. परंतु मूळ अधिनियमात पहिल्या अपराधासाठी दंड आहे तो दहा ते पन्नास रुपये. १९६० मध्ये या रकमेला काही अर्थ होता. आज तो कुत्र्याच्या एका दिवसाच्या जेवणाएवढा आहे. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ नुसार पाळीव प्राण्याचे जंतनिर्मूलन, लसीकरण व निर्बीजीकरण यांची जबाबदारी मालकाची आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये प्राण्याच्या बाबतीतील निष्काळजीपणामुळे मानवी जीवितास धोका निर्माण होणे शिक्षेस पात्र आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १२७ मध्ये श्वानकराची तरतूद आहे. नगरपरिषद क्षेत्रातील नागरिकांनी नोंदणी व शुल्काविषयी आपल्या कार्यालयात चौकशी करणे इष्ट ठरते.

नकोसे झालेले कुत्रे शाळा-महाविद्यालयाच्या आवारात सोडले की तेथे त्याची सोय होते, असा एक समज आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलविण्याचे निर्देश दिले. त्यामुळे हा समज टिकणारा नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या दीड कोटीहून अधिक होती. पोसणे न परवडल्यामुळे सोडून दिलेले प्रत्येक कुत्रे या संख्येत भर घालते. पन्नास रुपयांचा दंड हे रोखू शकत नाही. पिलू घरी येण्यापूर्वी केलेला हिशेब काही प्रमाणात रोखू शकतो.

११. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी

हिशेबाअंती खर्च झेपत नाही असे आढळले, तर कुत्रा न पाळणे हाही एक जबाबदार निर्णय आहे. तथापि प्राणिप्रेमाचे दुसरे मार्ग खुले राहतात. लहान आकाराचे देशी कुत्रे निवडल्यास आहाराचा खर्च लक्षणीय घटतो. १० किलोच्या कुत्र्यासाठी तो २० किलोच्या कुत्र्याच्या साठ टक्के इतकाच असतो. तेही शक्य नसल्यास जुन्या आळीच्या कुत्र्याची पद्धत नव्या स्वरूपात स्वीकारता येईल. चार कुटुंबांनी मिळून वस्तीतील एका कुत्र्याचे निर्बीजीकरण, वार्षिक लस व आहार यांची जबाबदारी घेतली, तर वरील नमुन्यातील आहार व प्रतिबंधक आरोग्य यांचे मिळून २१,२२५ रुपये चार घरांत विभागले जातील व प्रत्येकी दरमहा सुमारे ४४२ रुपये येतील. मात्र खाऊ घालण्याची जागा स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमून दिलेली असावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही यावर भर देण्यात आला आहे. पूर्वीच्या चतकोर भाकरीत लसीचा वाटा नव्हता. आजच्या वर्गणीत तो प्रथम असावा, एवढाच फरक.

१२. निष्कर्ष

१) श्वानपालनाचा खरा खर्च पिलाच्या किमतीत नसून बारा वर्षांच्या आवर्ती खर्चात आहे, या खर्चाचा निम्म्याहून किंचित अधिक भाग आहाराचा असतो.
२) उमरेडसारख्या ठिकाणी अंतर व उन्हाळा हे खर्चाचे स्वतंत्र घटक ठरतात. मोठे रुग्णालय दूर असल्यामुळे राखीव निधी व प्रतिबंधक लसीकरण यांचे महत्त्व शहरापेक्षा येथे अधिक आहे.
३) परवडण्याचा निर्णय सरासरी उत्पन्नावर न घेता वर्षातील सर्वांत अडचणीच्या महिन्यावर घ्यावा.
४) कपात करताना रक्कम न पाहता परिणाम पाहावा. रेबीजची लस एकूण खर्चाच्या एक टक्क्याहून कमी असून ती टाळण्याचा धोका कुटुंबाबाहेरील निरपराध व्यक्तींना असतो.
५) कायद्यातील नाममात्र दंड लक्षात घेता घरातील अंदाजपत्रक हेच कुत्र्याच्या व शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेचे अधिक भरवशाचे साधन आहे.

पिलू घरी आणण्यापूर्वी एका कागदावर वरील सहा बाबी, आपल्या गावचे दर व आपला सर्वांत अडचणीचा महिना लिहून पाहण्यास अर्धा तास पुरतो. बारा वर्षांच्या जबाबदारीसाठी तेवढा वेळ प्रत्येक कुटुंबाने द्यावा, अशी अपेक्षा बाळगणे गैर ठरणार नाही.